बदलायचे ते एडिटरने

कोड लिहिणाऱ्याने एडिटर बदलला की पहिल्याच तासात एक अडचण उभी राहते. डोळ्यांना नवा पडदा चटकन उमगतो, मेनूही सापडतात. हात मात्र अजून जुन्याच एडिटरमध्ये काम करत असतात. ओळ पुसायला जे दाबले त्याने ओळ दुप्पट होते, निवड वाढवायला जे दाबले त्याने फाइलच बंद होते. यावर दोन उपाय आहेत. एक, नव्या एडिटरचे शॉर्टकट नव्याने पाठ करणे. दुसरा, नव्या एडिटरलाच आपल्या हातांप्रमाणे वळवणे, म्हणजे त्याचे शॉर्टकट बदलून घेणे. प्रोग्रामरांच्या जगात पहिला उपाय शहाणपणाचा आणि दुसरा पोरकटपणाचा समजला जातो. हा समज चुकीचा आहे. शिवाय ज्येष्ठांकडून नवोदितांकडे तो न तपासता पोचवला जातो, म्हणून त्याने होणारे नुकसानही मोठे आहे.

हा समज बाळगणाऱ्यांचे म्हणणे असे: एडिटर घडवणाऱ्यांनी विचार करूनच कळा ठरवलेल्या असतात, त्या बदलणारा स्वतःला त्यांच्याहून शहाणा समजतो. बदललेल्या कळांची सवय लागली की दुसऱ्याच्या यंत्रावर माणूस अडून बसतो. पुस्तके, व्हिडिओ, मदतीची पाने, सगळे डीफॉल्ट कळा धरूनच लिहिलेले असते. कळा जुळवत बसणे म्हणजे काम टाळणे. जुनी सवय घट्ट धरली तर नव्या एडिटरचे गुण कळतच नाहीत. आणि दोन आठवडे त्रास काढला की सगळे आपोआप अंगवळणी पडते. हे सहाही मुद्दे ठाम आवाजात सांगितले जातात, आणि तपासायला घेतले की एकही टिकत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण शॉर्टकटची किंमत नेमकी कशात आहे हे तिथेच उघड होते. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि अ‍ॅलन न्यूएल यांनी १९८३ मध्ये ‘द सायकॉलॉजी ऑफ ह्यूमन-कम्प्युटर इंटरॅक्शन’ हा ग्रंथ लिहिला. संगणकावरच्या कामाला लागणारा वेळ मोजण्याची त्यांची पद्धत आजही शिकवली जाते. सरावलेल्या टंकलेखकाला एक कळ दाबायला साधारण ०.२ सेकंद लागतात. माऊसने एखाद्या जागेवर नेम धरायला १.१ सेकंद. कीबोर्डवरून माऊसवर हात न्यायला ०.४ सेकंद. आणि पुढची कृती कोणती याची मनात जुळणी करायला? १.३५ सेकंद. या आकड्यांत सगळ्यात महाग आहे तो विचार. दोन कळांचा शॉर्टकट हाताला ०.४ सेकंदांत पडतो. पण ‘इथे ती कळ कोणती होती?’ असे मनाला विचारावे लागले की तोच शॉर्टकट चौपटीहून महाग होतो.

अ‍ॅपलमध्ये वापरसुलभतेचे काम पाहणारे ब्रूस टॉग्नाझिनी यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लिहिले होते, की कीबोर्ड वापरणाऱ्याला आपण वेगवान आहोत असे वाटते, घड्याळ मात्र माऊसच्या बाजूने कौल देते. कोणती विशेष कळ दाबायची हे ठरवण्यातच दोनेक सेकंद जातात आणि वापरणाऱ्याला ते जाणवतही नाहीत. हे मत शॉर्टकटविरोधी म्हणून सांगितले जाते. नीट पाहिले तर ते आठवावे लागणाऱ्या शॉर्टकटच्या विरोधात आहे. ज्या कळेसाठी आठवावे लागत नाही, तिच्यापुरती ही दोन सेकंदांची पट्टी लागूच होत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताने विचाराशिवाय दाबलेली कळ ही प्रोग्रामरची खरी कमाई आहे. ‘डीफॉल्टच शिका’ असे म्हणणारा ही कमाई टाकून द्यायला सांगतो. मोबदल्यात तो काय देतो? त्याच कामाची दुसरी कळ. नवी क्षमता नाही, जास्तीचा वेग नाही. ओळ पुसणे तेच, फाइल उघडणे तेच, फक्त कळ वेगळी.

‘दोन आठवड्यांचाच त्रास’ हा हिशेबही खोटा आहे. जुनी सवय पुसली जात नाही. ती नव्या सवयीच्या खाली टिकून राहते आणि घाईत, थकव्यात, प्रॉडक्शनमधला बिघाड मध्यरात्री दुरुस्त करताना नेमकी वर येते. त्यात प्रोग्रामर एकाच एडिटरमध्ये राहत नाही. टर्मिनल आहे, ब्राउझर आहे, डेटाबेसचे साधन आहे. नव्या एडिटरचा डीफॉल्ट पाठ केला तरी या बाकीच्या ठिकाणांच्या कळा जागच्या जागी असतात, आणि हाताला दिवसभर या दोन वळणांत ये-जा करावी लागते.

या गोंधळाचे स्वरूप एका कळजोडीवरून पुरते कळते. कंट्रोल-डी घ्या. व्हीएस कोड आणि सब्लाइम टेक्स्टमध्ये ती निवडलेल्या शब्दाची पुढची जुळणीही निवडीत घेते. इंटेलिजे आयडियात ती ओळीची दुसरी प्रत काढते. एक्लिप्समध्ये ती ओळ पुसते. व्हिममध्ये अर्धा पडदा खाली सरकवते. ईमॅक्समध्ये कर्सरपुढचे अक्षर खोडते. टर्मिनलमध्ये ती ‘इनपुट संपले’ अशी खूण पाठवते आणि रिकाम्या ओळीवर दाबली तर शेलच बंद करते. कंट्रोल-डब्ल्यूचेही तसेच. व्हीएस कोडमध्ये आणि ब्राउझरमध्ये टॅब बंद, इंटेलिजेत निवड एक पायरी वाढवणे, ईमॅक्समध्ये निवडलेला मजकूर कापणे, बॅशमध्ये मागचा शब्द खोडणे. कंट्रोल-वायने विंडोजवरच्या बहुतेक प्रोग्रामांत रद्द केलेली कृती परत येते. इंटेलिजेच्या डीफॉल्टमध्ये तीच कळ ओळ उडवते. ईमॅक्समध्ये कापलेला मजकूर चिकटवते.

अँड्रॉइडच्या प्रोग्रामरांना या गोंधळातून एकगठ्ठा जावे लागले. २०१३ पर्यंत अँड्रॉइडचे काम एक्लिप्सवर चाले. त्या वर्षी मे महिन्यात गूगलने इंटेलिजेवर बांधलेला अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला, डिसेंबर २०१४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली, आणि एक्लिप्सच्या साधनांचा अधिकृत आधार २०१५ अखेर थांबवण्याचे ठरले. म्हणजे एडिटर बदलणे हा प्रश्न आवडीनिवडीचा राहिलाच नाही, बदलावेच लागले. एक्लिप्समध्ये ओळ पुसणारी कंट्रोल-डी आता ओळ दुप्पट करू लागली. कोड नीट मांडणारी कंट्रोल-शिफ्ट-एफ आता सगळ्या प्रकल्पात शोध घेऊ लागली. हव्या त्या फाइलपर्यंत नेणारी कंट्रोल-शिफ्ट-आर आता सगळ्या प्रकल्पात शब्द बदलण्याची खिडकी उघडू लागली. कळ कामच करेना, तर हात थांबतो आणि माणूस शोधतो. कळ उलटे काम करू लागली, तर चूक आधी होते आणि कळते नंतर. अँड्रॉइड स्टुडिओच्या सेटिंगमध्ये ‘एक्लिप्स’ नावाचा तयार कीमॅप, म्हणजे शॉर्टकटचा संच, होता. तो निवडणे म्हणजे एका यादीतले एक नाव निवडणे. तो न निवडता रोज शेकडो वेळा हाताला चुकू द्यावे, यात कोणता शहाणपणा आहे?

आता ‘घडवणाऱ्यांनी विचार केलेला असतो’ हा सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा. डीफॉल्ट कळांचा इतिहास ज्याने पाहिला आहे, त्याला हे वाक्य उच्चारता येणार नाही.

बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत व्हीआय लिहिला तो लिअर सिगलर कंपनीच्या एडीएम-३ए या टर्मिनलवर. त्या यंत्रावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. ते बाण तिथे का? कंट्रोल-एच म्हणजे एस्की संकेतातला आठवा, मागे सरकण्याचा संकेत. कंट्रोल-जे म्हणजे दहावा, पुढच्या ओळीवर जाण्याचा. या संकेतांची अक्षरे कीबोर्डवर शेजारी शेजारी पडली म्हणून कर्सरच्या कळा त्या ओळीत आल्या. त्या टर्मिनलवर एस्केपची कळ क्यूच्या डावीकडे, आज टॅब असते तिथे होती, आणि कंट्रोल आज कॅप्स लॉक असते तिथे. व्हीआयमध्ये पावलोपावली एस्केप दाबावे लागते ते त्या हाताशी असलेल्या एस्केपच्या भरवशावर. कीबोर्ड बदलले, एस्केप दूर कोपऱ्यात गेली, डीफॉल्ट मात्र तसाच राहिला. २०१६ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक प्रोच्या टच बार असलेल्या नमुन्यांतून एस्केपची खरी कळच काढून टाकली, आणि ती परत यायला २०१९ चा शेवट उजाडला. त्या तीन वर्षांत तो लॅपटॉप वापरणाऱ्या व्हिमवाल्याने कोणत्या विचारपूर्वक ठरवलेल्या डीफॉल्टला शरण जायचे होते? ज्यांनी कॅप्स लॉकलाच एस्केप करून घेतले होते, त्यांचे काम चालू राहिले.

ईमॅक्सचीही हीच कथा. त्याच्या कळांचे वळण सत्तरच्या दशकात एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत घडले. तिथल्या लिस्प यंत्रांच्या स्पेस-कॅडेट कीबोर्डवर कंट्रोल स्पेसबारला लागून, दोन्ही बाजूंना होती आणि अंगठ्याने दाबता येई. पुढे पीसीच्या कीबोर्डवर ती कोपऱ्यात, करंगळीखाली गेली. अंगठ्यासाठी सोयीच्या कळजोड्या करंगळीवर पडल्या आणि त्यातून होणाऱ्या दुखण्याला ‘ईमॅक्स पिंकी’ असे नावच पडले. कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल आणणे ही म्हणूनच ईमॅक्स वापरणाऱ्यांची जुनी आणि पूर्ण शहाणी दुरुस्ती आहे.

कापणे, नक्कल करणे, चिकटवणे या कळा तरी कोणी एकदाच विचार करून ठरवल्या का? अ‍ॅपलने लिसा आणि मॅकिंटॉशमध्ये एक्स, सी, व्ही या खालच्या ओळीतल्या, डाव्या हाताशी लागून असलेल्या कळा घेतल्या. आयबीएमने १९८७ च्या आपल्या ‘कॉमन यूजर अ‍ॅक्सेस’ नियमांत त्याच कामांना शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट दिल्या. विंडोज आधी आयबीएमच्या वाटेने गेले, नंतर अ‍ॅपलच्या. आणि दोन्ही संच कित्येक प्रोग्रामांत आजही शेजारी शेजारी जिवंत आहेत. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी चालू प्रोग्राम थांबवते, कारण तिथे तो अर्थ या सगळ्याच्या आधीपासून रुजलेला होता. डीफॉल्ट म्हणजे अशा तडजोडींचे थर. एखादी कळ मोकळी होती म्हणून तिला काम मिळाले, दुसरी आधीच दिलेली होती म्हणून नव्या कामाला तीन कळांची कसरत आली. व्हीएस कोडमध्ये ओळ पुसायला कंट्रोल-शिफ्ट-के लागते. इतक्या वारंवार लागणाऱ्या कामाला तीन कळा हव्यातच, असे म्हणण्याला कोणता आधार आहे?

शिवाय हे डीफॉल्ट ठरले ते अमेरिकी कीबोर्ड डोळ्यांसमोर ठेवून. जर्मन कीबोर्डवर चौकटी कंस उमटवायला उजवी ऑल्ट आणि ८ किंवा ९ दाबावे लागते. तिथे ‘कंट्रोल आणि चौकटी कंस’ ही सोपी कळजोडी राहतच नाही. पोलिश लिहिणाऱ्याला एलवर आडवी रेघ असलेले अक्षर रोज लागते, ते उजवी ऑल्ट आणि एल दाबून उमटते, आणि विंडोजवर उजवी ऑल्ट म्हणजे कंट्रोल-ऑल्ट. इंटेलिजेची कोड मांडण्याची डीफॉल्ट कळ आहे कंट्रोल-ऑल्ट-एल. लिनक्सच्या अनेक डेस्कटॉपांवर हीच कळजोडी पडद्याला कुलूप लावते. इंटेलिजेत मागच्या जागेवर परतायला कंट्रोल-ऑल्ट-डावा बाण. लिनक्सवर त्याने अनेकदा कार्यपटल बदलते, आणि इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये त्याने सगळा पडदाच आडवा होत असे. अशा यंत्रावर ‘डीफॉल्टच वापरा’ या सल्ल्याचा अर्थ काय उरतो?

मराठीत लिहिणाऱ्या प्रोग्रामरला तर हा सल्ला पाळताच येत नाही. मॅकवर इंग्रजी आणि देवनागरी असे दोन कीबोर्ड चालू केले की कंट्रोल-स्पेस भाषा बदलण्यासाठी राखली जाते. व्हीएस कोडमध्ये मॅकवर कोड सुचवण्याची डीफॉल्ट कळ तीच, ईमॅक्समध्ये निवडीची खूण रोवायची कळही तीच. दोहोंपैकी एक बदलावीच लागते. इनस्क्रिप्ट चालू असताना व्हिममध्ये कमांड द्यायला जावे, तर एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त ही अक्षरे असतात आणि व्हिमला ती कमांड म्हणून ओळखता येत नाहीत. यासाठी व्हिममध्ये ‘लँगमॅप’ नावाची सोय आहे: कोणत्या लिपीचे कोणते अक्षर कोणत्या कमांडच्या कळेसारखे मानायचे हे तिथे सांगता येते. लिनक्सवर काही प्रोग्राम दाबलेल्या कळेकडे न पाहता उमटणाऱ्या अक्षराकडे पाहतात, त्यामुळे देवनागरी चालू असताना ‘कंट्रोल-एस’ने फाइल साठवली जाईलच असे नाही. व्हीएस कोडमध्ये शॉर्टकट अक्षराऐवजी कळेच्या जागेशी बांधता येतो, तो अशाच अडचणींसाठी. मराठी शब्दकोश, मराठी संकेतस्थळे, मराठी मजकूर असलेले प्रोग्राम यांवर दिवसभर काम करणाऱ्याने कळा बदलल्या, तर त्याला पोरकट म्हणायचे? डीफॉल्ट ठरवणाऱ्यांच्या मनात हा माणूस नव्हता.

एडिटर दुसऱ्याच एखाद्या देहाला डोळ्यांसमोर ठेवून घडतो, ही गोष्ट याहूनही गंभीर ठिकाणी दिसते. दृष्टिहीन प्रोग्रामर एनव्हीडीए हा पडदावाचक वापरतो तेव्हा इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक ही कळ त्या वाचकाच्या आज्ञांसाठी जाते; मग इन्सर्टवर बेतलेले शॉर्टकट दुसरीकडे न्यावे लागतात, आणि ‘कॅप्स लॉकला कंट्रोल करा’ हा इतरांसाठी उत्तम असलेला सल्लाही त्याच्या कामाचा नसतो. एका हाताने टंकणाऱ्याला तीन कळा एकाच वेळी दाबणे अशक्य असते. त्याला एकामागून एक दाबायच्या कळा लागतात. मनगटाच्या दुखण्यातून उठलेल्याला करंगळीवरचा भार काढावाच लागतो. कळा बदलणे हे या लोकांसाठी कामावर टिकून राहण्याचे साधन आहे. ‘खरा प्रोग्रामर डीफॉल्ट वापरतो’ हे वाक्य बोलणाऱ्याने ते कोणाला उद्देशून बोलले जाते आहे याचा विचार केलेला नसतो. हे वाक्य केवळ चूक नाही, ते निष्ठुर आहे.

दुसऱ्याच्या यंत्रावर काय करायचे, हा मुद्दा एकेकाळी खरा होता. आज तो फार थोडा उरला आहे. व्हीएस कोडमध्ये लॉग-इन करून सिंक चालू केले की सेटिंगबरोबर शॉर्टकटही दुसऱ्या यंत्रावर येतात. दूरच्या सर्व्हरवरचा कोड आपल्याच यंत्रावरच्या एडिटरमधून उघडता येतो. कोड तिकडे, कळा इकडे. लाइव्ह शेअरसारख्या सोयीत दोघे एकाच फाइलवर काम करतात आणि प्रत्येक जण आपापल्या एडिटरमध्ये, आपापल्या कळांनी. कंपनीने कुलूपबंद करून दिलेल्या यंत्रावरही शॉर्टकटची फाइल वापरणाऱ्याच्या खात्यात असते, तिला प्रशासकाची परवानगी सहसा लागत नाही. उरला तो सर्व्हरवरचा कोरा व्हीआय. तिथे मजकूर घालणे, साठवणे आणि बाहेर पडणे एवढे यायला हवे, आणि तेवढे कोणालाही येऊ शकते. त्या पाच मिनिटांच्या कामासाठी रोजच्या आठ तासांच्या कळा कोणत्या न्यायाने ठरवायच्या? सहकाऱ्याच्या यंत्रावर बसण्याची वेळ महिन्यातून किती वेळा येते, आणि स्वतःच्या यंत्रावर किती, एवढे विचारले तरी हा मुद्दा गळून पडतो.

पुस्तके आणि व्हिडिओ डीफॉल्ट कळा सांगतात हे खरे. पण कळ हे कमांडचे नाव नव्हे. सब्लाइम टेक्स्टने लोकप्रिय केलेली आणि आता जवळजवळ प्रत्येक एडिटरमध्ये आलेली कमांडची शोधयादी उघडावी, कमांडचे नाव टंकावे. ती कमांड सापडते आणि तिच्यासमोर सध्या बांधलेली, म्हणजे स्वतः बदललेली कळच दिसते. ईमॅक्समध्ये तर कमांडला नाव असणे आणि कळ नंतर हवी तिथे बांधणे हा रचनेचा पायाच आहे. शिकवणाऱ्याने कमांडचे नाव सांगावे. नुसती कळ सांगणारे शिकवणे कीबोर्ड बदलला तरी निरुपयोगी होते.

कळा जुळवणे म्हणजे वेळ घालवणे, असे म्हणणाऱ्यांनी एडिटरची इन्स्टॉल केल्यावर उघडणारी पहिली पाने पाहिलेली दिसत नाहीत. झेड या नव्या एडिटरमध्ये मूळ कीमॅप कोणता हवा हे एका सेटिंगने सांगता येते: व्हीएस कोड, जेटब्रेन्स, सब्लाइम टेक्स्ट, अ‍ॅटम. जेटब्रेन्सच्या साधनांत एक्लिप्स, ईमॅक्स, व्हिज्युअल स्टुडिओ, व्हीएस कोड यांचे कीमॅप मिळतात, व्हिमसाठी वेगळे प्लगइन आहे. व्हीएस कोडमध्ये तर इतर एडिटरांतून कळा आणण्याची स्वतंत्र कमांडच आहे. १५ डिसेंबर २०२२ रोजी गिटहबने अ‍ॅटम बंद केला, तेव्हा त्याच्या वापरकर्त्यांसाठी अ‍ॅटमच्या कळा व्हीएस कोडमध्ये आणणारे एक्सटेन्शन आधीपासून तयार होते. ज्या घडवणाऱ्यांच्या शहाणपणाचा दाखला दिला जातो, त्यांनीच ही दारे बांधली आहेत. डीफॉल्ट हीच त्यांची अंतिम इच्छा असती, तर एवढी मेहनत त्यांनी कशासाठी घेतली असती? प्रोग्रामर कोडची पुनरावृत्ती टाळतो, बिल्डची पुनरावृत्ती टाळतो, चाचण्या स्वयंचलित करतो. स्वतःच्या हाताच्या चुकांची पुनरावृत्ती टाळायला लागणारा अर्धा तास तेवढा वाया गेलेला ठरतो, हा न्याय कुठला?

नव्या एडिटरचे गुण दिसत नाहीत, हा आक्षेप उलटा करून वाचला तर खरा ठरतो. ज्याचा दिवस ओळी पुसणे आणि फाइली उघडणे नव्याने शिकण्यात जातो, त्याच्याकडे नव्या एडिटरच्या डीबगरकडे, नाव बदलण्याच्या साधनाकडे, एकाच वेळी अनेक कर्सर चालवण्याच्या सोयीकडे पाहायला लक्ष उरत नाही. मुळाक्षरे हातात असली की नवे शब्द शिकता येतात. जुन्या एडिटरमध्ये जे कामच नव्हते, त्याच्यासाठी जुनी कळही नसते; तिथे नव्या एडिटरची डीफॉल्ट कळ घ्यायला कोणाचीच हरकत नाही. मान्य करायचे ते एवढेच, की ज्याने आजवर कोणताच एडिटर वापरलेला नाही त्याच्याकडे आणण्यासारखे काही नसते, त्याने आहे ते शिकावे. आणि व्हिमसारख्या वेगळ्या पद्धतीच्या एडिटरची दुसरीकडे केलेली नक्कल अपुरी पडू शकते. म्हणूनच व्हीएस कोडमध्ये नक्कल न करता खरा निओव्हिमच मागे चालवणारे एक्सटेन्शनही निघाले आहे. अडचण आली तेव्हा लोकांनी उपाय आणखी पुरता केला, उपाय सोडून दिला नाही.

काम क्रमाने करावे. जुना एडिटर काढून टाकण्याआधी दोन दिवस त्यात नेहमीसारखे काम करावे आणि हात खरोखर ज्या कमांड वापरतात त्यांची यादी करावी. ती वाटते त्यापेक्षा बरीच लहान निघते. नव्या एडिटरमध्ये जुन्याचा तयार कीमॅप असेल तर आधी तो घ्यावा. मग या यादीतली जी कळ नव्या ठिकाणी मजकूर पुसते, फाइल बंद करते किंवा अनेक ठिकाणी बदल घडवते, ती सगळ्यात आधी दुरुस्त करावी. ऑपरेटिंग सिस्टीमशी आणि भाषा बदलण्याच्या कळांशी होणाऱ्या टकरी त्यानंतर काढाव्यात. यादीबाहेरच्या कळांना हात लावू नये. आणि शॉर्टकटची फाइल, तिचे नाव काहीही असो, स्वतःच्या कोडइतक्याच काळजीने गिटमध्ये ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी एडिटर बदलेल तेव्हा सुरुवात शून्यापासून होणार नाही.

संगणकाच्या शिक्षणवर्गांत एडिटर शिकवताना शॉर्टकटचा तक्ता पाठ करून घेतला जातो; त्याऐवजी पहिल्याच दिवशी शॉर्टकट बदलण्याची खिडकी उघडून दाखवली पाहिजे. एडिटर घडवणाऱ्यांकडून तीन गोष्टी हक्काने मागितल्या पाहिजेत: प्रत्येक कमांडला नाव, प्रत्येक कळ बदलण्याची मुभा, आणि हे सगळे वाचता येईल, उचलून नेता येईल अशा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. ज्या एडिटरमध्ये एखादी कळ कायमची खिळलेली आहे, तो एडिटर अपुरा आहे. तिथे जुळवून घेण्याचा उपदेश वापरणाऱ्याला करायचा नसतो, दुरुस्तीची मागणी घडवणाऱ्याकडे करायची असते.